केवळाबाईचं नाक

"ही आमची माय न्हाई," रामकिशन म्हणाला आणि त्यानं फोटो टेबलावर ठेवला. आपटला नाही. दुसऱ्याची चीज चुकून आपल्या पिशवीत आली तर परत करावी, तसा दोन्ही हातांनी ठेवला. रेणुकादासनं तो उचलला नाही. उचलायची गरज नव्हती. दिवाळीनंतर त्यानंच तो काढला होता, त्यानंच धुतला होता, खाली पुठ्ठ्यावर त्याच्याच दुकानाचा शिक्का होता. खुर्चीवर एक म्हातारी बसलेली. लुगड्याचा काठ सुरेख आलेला. खुर्चीच्या हातावरची नक्षीही आलेली. आणि चेहऱ्याच्या जागी पीठ लावून ठेवलेल्या भाकरीसारखं काहीतरी पांढरं, त्यात दोन डोळे, खाली तोंडाची रेघ. मधे काही नाही.

"कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"तीच म्हणते. डोळ्यापुढं धरला, पालथा करून बघितला, मंग म्हणली, ही कोण बाई हाय रे, हिला नाक न्हाई."

"तुम्हाला ओळखू येते ना?"

"आम्हाला येते की. लुगड्यावरून. पण फोटो आमच्यासाठी कुठं हाय? बहिणीसाठी हाय. ती नागपूरच्या मिलीकडं, सात वर्सं झाली आली न्हाई. तिनं पत्र धाडलं, मायचा फोटो धाडा. आता नाक नसल्याली माय तिला धाडून काय करू?"

रामकिशन इस्लापूरचा, किनवटच्या बाजूच्या रानातला शेतकरी. सकाळच्या गाडीनं आला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता, एवढ्यासाठीच. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावलेल्या माणसाला सांगायला रेणुकादासकडं पुष्कळ होतं. लढाईपासून फोटोच्या काचा चांगल्या येत नाहीत, कागद जुना मिळतो, औषधं हैद्राबादहून महिना महिना येत नाहीत. हे सगळं खरंही होतं. पण हा माणूस नुसता उभा होता आणि टेबलावर ती बिननाकाची बाई पडली होती.

"पुन्हा काढून देतो," रेणुकादास म्हणाला. "आणा त्यांना."

"एकदाच येईल. माळेगावच्या यात्रेला चालली हाय, खंडोबाला. येताना इथं उतरवतो. त्याच्यामागून ती गाव सोडत न्हाई, आत्ताच सांगून ठेवलंय तिनं. गुडघे गेले." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "तीन हप्ते हाईत. तवर तुमचं जे बिघडलंय ते दुरुस्त करा."

बिघडलंय हे त्याला कसं कळलं, हे रेणुकादास बराच वेळ तिथंच बसून शोधत राहिला. नांदेडात वजिराबादच्या रस्त्यावर टांगे चालले होते, समोरच्या दुकानात कुणी उर्दूत भाव करत होतं. बिघडलं होतं हे त्याला अकरा महिने ठाऊक होतं. फक्त दुसऱ्या कुणी ते म्हटलं नव्हतं. उलट लोक खूश होते. मागच्या महिन्यात एक कारकून मुलीचा फोटो न्यायला आला, स्थळाकडं पाठवायचा होता, आणि फोटो बघून म्हणाला, मुलगी उजळ आली हो, आणखी तीन प्रती करा. रेणुकादासनं तीन प्रती करून दिल्या. मुलगी सावळी होती, हनुवटीवर खळी होती, आणि फोटोत ना सावळेपण होतं ना खळी. त्यानं कागदाला जास्त उजेड देऊन पाहिलं, तर गाल राखाडी झाले, पण खळी काही आली नाही. जे काचेवरच उतरलं नाही ते कागदावर कुठून येणार? काचेला गरजेपेक्षा जास्त उजेड मिळाला की चेहऱ्याचं सगळं उंचसखल एकमेकांत मिसळून जातं. शिकाऊ माणसाचा दोष हा. त्याला या धंद्यात बावीस वर्षं झाली होती.

आणि तो अंदाजानं काम करत नव्हता. त्याच्याकडं उजेड मोजायचं मीटर होतं. मुठीत मावेल एवढं, एका बाजूला जाळीमागं काच, दुसऱ्या बाजूला काटा. आठ वर्षांपूर्वी रेल्वेचा एक साहेब बदलून जाताना विकून गेला होता. मीटरवर दहा घरं होती आणि काटा एक घर वर गेला की उजेड दुप्पट. गिऱ्हाईक त्याला घड्याळ म्हणत. काही म्हाताऱ्यांना वाटे की ते माणसाचं राहिलेलं आयुष्य मोजतं, आणि त्या पदर तोंडावर घेत. खरं म्हणजे मीटर चेहऱ्याच्या वीतभर जवळ नेऊन काटा बघायचा असतो. पण नांदेडात परक्या बाईच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर हात नेला तर ती बाई उठून जाईल आणि तिचा नवरा परत येईल. म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यानं आणि त्याच्या बायकोनं, गोदावरीनं, एक रीत बसवली. गिऱ्हाईक बसायच्या आधी गोदावरी खुर्चीशेजारी उभी राही, तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरी, खिडकीकडं थोडा वळवून. तो त्या तळहाताचा काटा घेई, आकडा सांगे. ती आकडा वहीत लिही, तारखेसकट, तिच्या बारीक गोल अक्षरात. मग म्हणे, "आता जाऊ का? भाजी करपंल." आणि आत जाई. दहा-बारा काचा खराब करून त्या दोघांनी बसवलं होतं की तळहाताचा अमुक आकडा आला तर काचेला उजेड इतका द्यायचा. मग आठ वर्षांत चेहरा कधी चुकला नाही.

मागच्या पौषात ती तापानं गेली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला असं वाटलं, तिनं पेज मागितली, आणि तो पेज घेऊन आत आला तेव्हा... तेव्हापासून तो स्वतःचाच डावा हात खुर्चीशेजारी धरायचा आणि उजव्या हातानं मीटर. वहीत आकडे तोच लिहायचा. त्याचं अक्षर मोठं आणि तिरकं, त्यामुळं वहीचं पान उलटताना एका जागी एकदम दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं होई.

रामकिशन गेल्यावर त्यानं मीटर घेतलं आणि रोग्याला बघावं तसं बघायला बसला. जाळीवर बोट दाबून पूर्ण अंधार केला. काटा शून्यावर आला, म्हणजे काटा सरकलेला नव्हता. मागचे दोन स्क्रू काढून आतल्या पितळी पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या. काच पुसली. फरक नाही. मग वही काढली. मागच्या मार्गशीर्षात, स्वच्छ आभाळ, सकाळी दहा वाजता, याच खिडकीखाली गोदावरीनं लिहिलेला आकडा साडेसात. त्यानं हात धरला. सहा. दुसऱ्या दिवशीही सहा. मग त्याच्या ध्यानात आलं की ती तिथीनं लिहायची आणि सूर्य काही तिथीनं चालत नाही, तेव्हा त्यानं कचेरीच्या, सूर्यावर चालणाऱ्या फसली तारखा लावून पाहिल्या, बहमन महिन्याची सहावी ते बहमनची सहावी. तरी साडेसात आणि सहा. दीड घर. म्हणजे मीटरच्या मते त्या खोलीतला उजेड वर्षभरात तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. खिडकी तीच होती, आभाळ तेच होतं. आणि मीटर उजेड कमी सांगतं म्हणून तो काचेला जास्त उजेड देत होता, म्हणून चेहरे पीठ होत होते. सगळं बरोबर जुळलं. मीटरच्या पोटात एक चकती असते, तिच्यावर उजेड पडला की तीच वीज करते आणि काटा हलवते. ती चकती म्हातारी होते, असं त्यानं ऐकलं होतं. तर मग हेच.

हे कळल्यावर त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. कुठंतरी आत त्यानं हे आधीच धरून ठेवलं होतं की ती गेली आणि मीटरही संपत चाललंय. दोघांचं बरोबरच चाललंय. माधवराव, त्याचा धाकटा भाऊ, औरंगाबादेहून दर महिन्याला पत्र लिहायचा, दादा, एकटे किती दिवस राहणार, दुकान आटपा आणि इकडे या. रेणुकादासकडं नकाराचं काही कारण नव्हतं आणि होकाराचंही नव्हतं. आता होकाराचं मिळालं. नवं मीटर या दिवसांत मिळणार नाही, जुनं भरवशाचं राहिलं नाही. दीड घर धरून चालावं म्हटलं, तर मरायला टेकलेली चकती आज दीड घर खोटं बोलेल, उद्या दोन. त्यानं अंदाजानं उजेड कमी देऊनही पाहिलं होतं. एक चेहरा कोळसा आला, दुसरा पुन्हा पीठ. संक्रांतीपर्यंत आटपतो, असं त्यानं माधवरावला लिहून टाकलं. पत्र पेटीत टाकताना फक्त ती म्हातारी आडवी आली. तिला काय सांगायचं? तिच्या लेकीला काय सांगायचं? एवढं एक नाक काढून द्यावं आणि मग आटपावं. त्यासाठी एकच उपाय होता. लातूरला ईश्वरप्पाकडं अगदी असंच मीटर होतं. दोन्ही शेजारी ठेवायची आणि आपलं किती खोटं बोलतं ते मोजून घ्यायचं. मीटर गेलं, दुकान आटपतोय, एकदा येतो, असं त्यालाही लिहून टाकलं.

सर्व्हिस मोटारीनं लोहा, अहमदपूर करत तो लातूरला पोचला तेव्हा अंगावर बोटभर धूळ होती. ईश्वरप्पाचा स्टुडिओ गंजगोलाईच्या मागं. दोघांनी तरुणपणी एकाच उस्तादाकडं काम केलं होतं, हैद्राबादला. ईश्वरप्पा आता चांगला जाड झाला होता आणि हसला की खुर्ची वाजे. त्यानं मखमलीच्या डबीतून मीटर काढलं, देव्हाऱ्यातून मूर्ती काढावी तसं.

"वापरतोस का हे?" रेणुकादासनं विचारलं.

"गिऱ्हाइकाला दाखवतो की. हे भाईर काढलं की माणूस ताठ बसतंय. उजेड काय, माझा मी डोळ्यानं बघतो."

दोघं अंगणात गेले. चुन्याच्या भिंतीसमोर दोन्ही मीटरं शेजारी धरली. दोन्हींचे काटे नऊवर. रेणुकादासनं आपलं मीटर हलवलं, टिचकी मारली. नऊ. सावलीत गेले, निंबाच्या झाडाखाली. साडेपाच आणि साडेपाच. आत खोलीत कोपऱ्यात धरली. तीन आणि तीन.

"जुळ्या भावावानी हाईत," ईश्वरप्पा म्हणाला.

"तुझंही बिघडलेलं असणार."

"दोन आजारी माणसास्नी एकच ताप, एकाच डिग्रीचा? अन् माझं तर डबीतच झोपून हाय, त्याला म्हातारं व्हायला येळ कवा मिळाला?"

रेणुकादासनं आपलं मीटर मुठीत घट्ट धरलं. त्याला राग आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला स्वच्छ, तापलेला राग आला आणि तो कुणावर आहे हेही त्याला दिसत होतं. त्या मीटरवर. ते चांगलं धडधाकट होतं. ते अकरा महिने त्याच्या हातात बसून रोज खरं बोलत होतं आणि तो त्याचा शोक करत होता. मग चुकतंय कोण? जर यंत्र शाबूत आणि सूर्य शाबूत तर मधे एकच गोष्ट राहते. डोळे गेले? हात कापतो? ती गेल्यावर आपल्यातलंच काहीतरी गेलं आणि आपल्याला पत्ता नाही? त्याला मोरीपाशी जाऊन तोंड धुवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी ईश्वरप्पा म्हणत होता, घरी कसं करतोस ते करून दाखव की, जसं करतोस तसं, बिलकुल तसंच.

त्यानं खिडकीशी खुर्ची ओढली, डावा तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरला, मीटर वीतभर अंतरावर नेलं. काटा पाचावर आला. ईश्वरप्पानं आपलं मीटर त्याच तळहातासमोर धरलं. पाच. मग त्यानं आपलाच हात धरून बघितला. साडेपाच. तेवढ्यात लक्ष्मम्मा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. ईश्वरप्पाची बायको उदगीरकडची, बोलायला कुणाला भीत नसे.

"काय हो भावजी, एकमेकांचं भविष्य बघायलाव का? ह्यांचं बघू नका, त्यांच्या हातात खायचीच रेघ हाय."

"चहा ठेव अन् जरा हात धर इथं," ईश्वरप्पा म्हणाला.

"माझं कशाला आता? झालं की माझं सगळं." पण तिनं हात पदराला पुसला आणि धरला, अंग चोरून, तोंड दुसरीकडं करून. काटा उठला आणि साडेसहावर जाऊन थांबला. रेणुकादासनं मीटर काढलं, पुन्हा नेलं. साडेसहा. त्यानं आपला हात तिच्या हाताच्या जागी धरला. पाच.

"त्यात एवढं काय बघायलाव?" लक्ष्मम्मा म्हणाली. "तुमच्या हाताचा रंग तरी बघा. चुलीतनं लाकूड काढल्यावानी झालाय. माझ्या हाताशी त्ये कसं जुळंल?"

तिनं हे सहज म्हटलं आणि चहा तिथंच ठेवून ती आत गेलीसुद्धा. रेणुकादास आपला तळहात बघत राहिला. काचा धुवायच्या पायरोच्या औषधात बावीस वर्षं बोटं बुडवली की हे होतं, सगळ्यांचं होतं. आधी नखं तपकिरी होतात, मग बोटं, मग ते तळव्यावर चढतं आणि कातडीचाच रंग होऊन बसतं. लग्नात, पंगतीत लोक बघतात, धंद्याचं आहे म्हटलं की गप्प बसतात. त्यालाही तो दिसेनासा झाला होता. त्यानं दोन हात एकच धरले होते. हात म्हणजे हात. तिचा नाही तर आपला. आणि त्या काळ्या हातावरून उजेड कमी परतायचा, मीटर तेवढाच सांगायचं, बरोबर सांगायचं.

दीड घर एवढ्यानंच होतं.

 गोदावरी खुर्चीशेजारी दिसली की लोक विचारायचे, वहिनी इथं काय करतात? तेव्हा तो म्हणायचा, काही नाही, नुसती उभी राहते. ती ऐकायची. कधी काही म्हणाली नाही, कारण तिलाही तसंच वाटत असणार. आठ वर्षांत या जिल्ह्यातल्या किती माणसांचे चेहरे, पोलीस पाटील, नवऱ्या, मास्तर, वकील, मेलेली लेकरं मांडीवर घेतलेल्या बाया, सगळे तिच्या तळहाताच्या मापानं काचेवर उतरले होते. दोघांनाही ते माहीत नव्हतं. तिला सांगायला पाहिजे होतं, एवढंच त्याच्या मनात आलं. घरी गेल्यावर सांगावं असंच आधी आलं. मग पुढचं आलं.

"दुकान बंद करायलास म्हणं," ईश्वरप्पा चहा ओतत म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. पत्रात. मीटर गेलं म्हणून. आता मीटर तर गेलं न्हाई. दुसरं काहीतरी कारण काढ, लातूरकरास्नी पटंल असं."

परतीच्या मोटारीत तो सगळ्यांचे हात बघत होता. दांडीला धरलेले, गाठोड्यावर ठेवलेले, विडी ओढणारे. बघायला लागल्यावर एकासारखा एक हात नव्हता. एका म्हाताऱ्याचा तळवा त्याच्या तोंडापेक्षा तीन पटीनं उजळ होता. कापसाच्या गिरणीतल्या माणसाचा तेलानं चकाकत होता. एका बाईच्या हातावर मेंदी होती, आणि तो मनात आकडे लावत होता, साडेसात, पाच, सहा. अहमदपूरला मोटार थांबली तेव्हा त्याला कळलं की आपण दोन तास कशाचाही विचार केलेला नाही. भूकही लागली होती. उतरून त्यानं भजी घेतली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

घरी आल्यावर त्यानं हात लिंबानं घासले, मिठानं घासले, चुलीतल्या राखेनं घासले. डाग गेला नाही, हात सोलला. मग त्याला एक गोष्ट सुचली. मीटर घेतलं त्या आठवड्यातल्या त्या खराब काचा. त्या त्यानं टाकल्या नव्हत्या, पेटीत होत्या. प्रत्येक काचेवर गोदावरीचा तळहात आणि खाली पाटीवर खडूनं आकडा. त्यांतली सगळ्यात नीट काच काढून तळहाताएवढा, बरोबर तिच्या रंगाचा कागद छापला तर? तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि खुर्चीशेजारी धरायचा. म्हणजे पुन्हा तिचाच हात. त्यानं दिवसभर बसून सात कागद छापले, सातवा मनासारखा आला. तो पुठ्ठ्यावर लावून खिडकीखाली धरला. काटा चारवर गेला, मग आठवर, मग सहा. कागद तकतकीत होता. जरा वळला की खिडकी त्यात चमके आणि काटा उडे. त्यानं पुन्हा पुन्हा धरलं, खाली करून, वर करून, आणि काटा नाचत राहिला, आणि एकदम त्याला हसू आलं. ती असती तर म्हणाली असती, काय लावलंय हे, कागदाला कधी हात म्हणतात का? कागद खाली ठेवून तो त्याकडं बघत बसला. अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा जुना चटका होता. तो त्याला इतक्या वर्षांत दिसला नव्हता, काटा बघायच्या नादात. त्यानं कागद काचांच्या पेटीत ठेवला आणि पेटी लावली. यात्रा सुरू झाली होती. चार दिवस उरले होते.

त्यानं ठरवलं, म्हातारीचाच हात घ्यायचा. तिचा हात, तिचा चेहरा, एकाच मातीतले. यात काही चुकणार नाही.

केवळाबाई आली ती रामकिशनच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पायरी थांबत. लहानशी म्हातारी. कपाळभर भंडारा, केसांत भंडारा, लुगड्यावर भंडारा. खुर्चीत बसली आणि तिनं खोलीभर नजर फिरवली.

"ह्याच खुर्चीत माझं नाक गेलं व्हय," ती म्हणाली.

"सापडेल आज," रेणुकादास म्हणाला. "जरा हात दाखवा, मावशी. असा, तळवा."

तिनं हात उघडला. तळवा पिवळाधमक होता. माळेगावला तीन दिवस मुठी भरभरून हळद उधळली होती, ती रेघारेघांत बसली होती. रेणुकादास मीटर हातात घेऊन तसाच उभा राहिला. पिवळा हात मीटरला पांढरा वाटतो, आणि काचेला पिवळं काळं दिसतं. या हाताचा आकडा कशाच्याच कामाचा नव्हता.

"हात धुवाल का? पाणी आणतो."

"न्हाई धुणार. देवाचा हाय. घरी जाऊन सुना-लेकरांच्या कपाळाला लावायचा, तवर धुवायचा न्हाई."

"माय, दोन मिनिटाचं काम हाय," रामकिशन म्हणाला.

"तू गप. तुझा धर की हात."

रामकिशननं हसून आपले दोन्ही हात पुढं केले. तेही पिवळे. "आम्हा सगळ्या गाडीचे असेच हाईत दादा," तो म्हणाला. "डबा पिवळा करून आलो."

ऊन खिडकीच्या पडद्यावरून खाली सरकत होतं. दहा वाजून गेले होते. शेजारून कुणाची तरी बायको बोलवावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. कुठली बाई कामं टाकून येईल, आली तरी तिच्या हाताचं गणित कोण बसवणार? आणि मग त्यानं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. हा खोटं बोलतो. पण किती बोलतो हे आता माहीत आहे. म्हाताऱ्या चकतीचं खोटं रोज वेगळं झालं असतं. हा डाग गेल्या वर्षी होता, लातूरला होता, इथं आहे, राखेनं घासून गेला नाही, उद्याही जाणार नाही. दीड घर. गोदावरीच्या हातापासून माझा हात दीड घर खाली. इथंही दीड आणि ईश्वरप्पाच्या खिडकीशी लक्ष्मम्माच्या हातापासूनही दीड. जो इतक्या नेमानं खोटं बोलतो त्याच्यावर हिशेब बसवता येतो. त्यानं तळहात म्हातारीच्या गालाशेजारी धरला, खिडकीकडं थोडा वळवून. काटा सहावर आला. तो मनात म्हणाला, साडेसात.

"तुमचा हात का असा झाला?" केवळाबाईनं विचारलं. ती हात अगदी जवळून बघत होती.

"कामानं."

"मंग बरंय," ती म्हणाली. "हलू का नको आता?"

"हलू नका. श्वास घ्या."

अंधारखोलीत लाल दिव्याखाली त्यानं काच औषधात सोडली आणि ताट हलवत राहिला. पहिल्यांदा काही नाही. मग कपाळ उठलं, त्यात भंडाऱ्याची जागा कोरी राहिली. मग गालाची हाडं. मग मधे एक उभी काळी रेघ, काचेवर उजेड काळा उतरतो तशी, वरून खाली, मधेच जरा उंचवटा घेऊन, आणि तिच्या एका बाजूला मोकळी सावली. ती सावली तशीच राहिली. आजूबाजूचं भरत आलं तरी ती भरली नाही. नाकपुडीवर मुरणीचं छिद्रसुद्धा होतं. त्यानं काच उचलून धुतली, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत टाकली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.  काचा सातच उरल्यात, असं त्याच्या मनात आलं, हैद्राबादला आज लिहिलं तर संक्रांतीनंतर पोचतील. मग त्याला आठवलं की संक्रांतीला आपण इथं असणार नव्हतो. तो थोडा वेळ या दोन गोष्टी शेजारी ठेवून उभा राहिला, आणि मग काचांचा विचार करायला लागला. दोन डझन मागवाव्यात.

मायलेक मागच्या अंगणात भाकरी खाऊन बसले होते. काच वाळून कागद छापायला तिसरा प्रहर झाला. कागद ओलाच होता, तो त्यानं काचेच्या तुकड्यावर ठेवून आणला. केवळाबाईनं तो उन्हाकडं केला, मग डोळ्यांजवळ नेला, इतका जवळ की कागदाला नाक लागलं असतं.  रामकिशन तिच्या तोंडाकडं बघत होता आणि रेणुकादासही.

"हाव," ती म्हणाली. "हीच हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "लई म्हातारी झाली की ही. मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुला कोण सांगणार?" रामकिशन म्हणाला.

"लेक भिईल का रं बघून?"

"भिईल न् मंग येईल."

तिनं मान हलवली. फोटो तिनं रेणुकादासकडं दिला, पण हात मागं घेतला नाही. "दादा, ह्याच्या मागं लिवता येतं का? तिला वाचता येतं. तिचा नवरा शिकलाय."

"येतं. कागद वाळू द्या. काय लिहू?"

केवळाबाई विचार करायला लागली.  पोराबाळांचं, जावयाचं, सात वर्षांचं, गुडघ्यांचं, सगळं तिच्या तोंडावर येऊन गेलेलं दिसलं. रेणुकादासनं दौत आणली, टाक आणला, कागद पालथा करून मांडीवर घेतला.

"लिवा," ती म्हणाली. "मी हाय."

त्यानं लिहिलं. अक्षर मोठं आणि तिरकं आलं. "आणखी?"

"आणखी काय," केवळाबाई म्हणाली. "एवढंच लिवा. बाकीचं ती आल्यावर सांगीन."